‘म्याच हाणलं मॅडम’ : अशिलानं खरं सांगितल्यावर वकिलानं काय करायचं?

पत्र थोडक्यात : मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालयात काम करणाऱ्या तरुण वकील मॅडमचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सनद मिळून तीन वर्षं झाली. ज्यांची वकील लावायची ऐपत नाही अशा आरोपींची बाजू सरकारी खर्चानं मांडायची, हे त्यांचं काम. सध्या वरिष्ठांच्या हाताखाली त्या खुनाचा एक खटला पाहतात. दिवेलागणीच्या वेळी बांधावरून भांडण झालं, डोक्यात कुऱ्हाड लागून शेजारचा शेतकरी गेला. मयताची बायको ही एकटीच प्रत्यक्षदर्शी, आणि तिच्या उलटतपासणीची तयारी या मॅडमकडं आहे. तुरुंगात भेटायला गेल्यावर आरोपी म्हणाला, “म्याच हाणलं मॅडम. तुमच्यापासून काय लपवायचं?” त्यापुढं काही न विचारता त्या उठून आल्या. ती बाई दर तारखेला लहान मुलाला घेऊन कोर्टात येते. एकदा, या कोण हे माहीत नसल्यानं, तिनं यांच्यापुढंच कागद धरला : “मॅडम, आमचा नंबर कितवा हाय बगा की.” यांनी वाचून सांगितला, आणि तेव्हापासून झोप उडाली. घरी आजी म्हणते, “असली पापं पदरात कशाला घ्यायलीस?” त्या विचारतात : खरं कळल्यावरही त्याच्या बाजूनं उभं राहणं म्हणजे कोर्टाशी खोटं बोलणं नाही का? केस सोडू का? तो सुटला तर त्या बाईला तोंड कसं दाखवू? की फौजदारीच सोडून दिवाणीकडं वळू?

वकील मॅडम,

वयानं तुम्ही माझ्या लेकीएवढ्या असाल. पण काल सनद मिळालेल्यालाही अहोजाहो करायचं, हा आमच्या बार रूमचा रिवाज मी निवृत्तीनंतरही मोडत नाही.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमच्या झोपेची काळजी वाटली. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्याशी अडकून बसलो : ‘त्यापुढं काही न विचारता मी उठून आले.’ पाप, खोटेपणा, आजी, दिवाणी या सगळ्यावर बोलूच, पण माझ्या मते तुमची खरी अडचण त्या वाक्यात आहे.

तुम्ही लिहिता, ‘मला आता खरं कळलं आहे.’ काय कळलं? त्यानं हाणलं, एवढंच. त्यानं खून केला हे तुम्हाला कळलेलं नाही, कारण ते त्यालाही माहीत नाही. खून हा शब्द कायद्याचा आहे, त्याचा नाही. आपल्याकडचा शेतकरी ‘म्याच हाणलं’ म्हणतो तेव्हा तो कलम सांगत नसतो, घडलेली गोष्ट सांगत असतो, आणि तीही अर्धीच. आधी बांधावर कोण आलं? शिव्या कुणी दिल्या, हात कुणी उचलला? कुऱ्हाड तो घरून घेऊन आला होता की बाभळी तोडता तोडता हातातच होती? घाव एक की चार? आणि सगळ्यात महत्त्वाचं : धार लागली की तुंबा, म्हणजे कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू? हातात धारेची कुऱ्हाड असताना माणूस ती उलटी करून तुंब्यानं मारतो, तेव्हा त्याच्या मनात नेमकं काय होतं हा प्रश्न उभा राहतो. शवविच्छेदनाचा अहवाल तुमच्याकडं आहे. कापल्याची जखम आहे की ठेचल्याची, ते उघडून बघा.

हे मी त्याला सोडवायच्या युक्त्या म्हणून सांगत नाही. भारतीय न्याय संहितेत खुनाची व्याख्या कलम १०१ मध्ये आहे आणि त्याच कलमाखाली अपवादही आहेत. पूर्वतयारी नसताना, अचानक झालेल्या भांडणात, रागाच्या भरात, गैरफायदा न घेता किंवा क्रूरपणा न करता माणूस मारला गेला, तर तो सदोष मनुष्यवध ठरतो, खून ठरत नाही. खुनाला कलम १०३ खाली फाशी किंवा जन्मठेप, तिसरा पर्याय नाही. सदोष मनुष्यवधाला कलम १०५ आहे. त्यात इरादा होता की नुसती जाणीव होती यावरून शिक्षा बदलते. जन्मठेप होऊ शकते, ५ ते १० वर्षं होऊ शकतात, किंवा इरादा नसेल तर १० वर्षांपर्यंत. म्हणजे ‘केलं’ असं कबूल करणाऱ्या माणसाच्या आयुष्यातली वीसेक वर्षं तुम्ही न विचारलेल्या प्रश्नांत अडकलेली आहेत. अपवाद लागू होतो हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते. तो ते कशाच्या आधारानं दाखवणार, जर त्याच्या वकिलानंच विचारलं नाही?

माझ्याच बाबतीतली एक गोष्ट सांगतो. वकिलीची सात-आठ वर्षं झाली होती. एक पन्नाशीचा गडी माझ्यासमोर बसून म्हणाला, “साहेब, मीच केलंय, शिक्षा घेतो, लवकर उरकून टाका.” मलाही तुमच्यासारखंच हायसं वाटलं आणि किळसही आली. हायसं अशासाठी की आता डोकं लावायला नको. मग कागद वाचताना लक्षात आलं की याच्या उजव्या हाताला जुन्या अपघातामुळं जोरच नाही. तीन भेटी लागल्या त्याला बोलतं करायला. घाव धाकट्या भावाचा होता. भावाचं लग्न ठरलेलं होतं आणि याचा संसार ‘तसाही होऊन गेलेला’ होता, हे त्याचेच शब्द. तेव्हापासून कबुली ऐकली की मी पेन उघडतो, बंद करत नाही.

आमच्या वेळचे काही ज्येष्ठ सांगायचे, आरोपीला ‘केलंस का?’ असं कधी विचारायचंच नाही, कळलं की हात बांधले जातात. मला ते कधी पटलं नाही. ही सोय वकिलाची आहे, अशिलाची नाही. डॉक्टरनं रोग्याचं पोट दाबूनच बघायचं नाही, दुखलं तर उपचार करावा लागेल म्हणून, असं म्हटल्यासारखं ते आहे. हात थोडे बांधले जातात हे खरं. किती आणि कुठं, ते सांगतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, हे कोर्टाशी खोटं बोलणं आहे का. गंमत अशी, की हा प्रश्न तुमच्या आधी दीडशे वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनाच पडला होता. १८७२ च्या पुरावा कायद्यात वकील-अशील गोपनीयतेचं कलम होतं, १२६. आता भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम १३२ झालं आहे. त्याखालचं पहिलंच उदाहरण बघा. अशील वकिलाला म्हणतो, मी बनावट दस्तऐवज केला आहे आणि तुम्ही माझा बचाव करावा अशी माझी इच्छा आहे. कायदा म्हणतो, हे बोलणं उघड करता येणार नाही, कारण जो दोषी असल्याचं माहीत आहे अशा माणसाचा बचाव करणं हा गुन्हेगारी हेतू नव्हे. तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर एकाच वाक्यात आहे. लगेच पुढचं उदाहरण उलट्या बाजूचं : अशील म्हणतो, बनावट खरेदीखताच्या जोरावर मला जमीन मिळवायची आहे, तुम्ही दावा लावा. याला संरक्षण नाही. घडून गेलेल्या गुन्ह्याचा बचाव आणि घडवायच्या गुन्ह्याला मदत, यांच्यामध्ये कायद्यानं बांध घातला आहे. तुम्ही सध्या बांधाच्या योग्य बाजूला आहात.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियमही स्पष्ट आहेत. आरोपीच्या अपराधाबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, त्यानं बचाव करायचा. कारण त्याची निष्ठा कायद्याशी आहे, आणि पुरेशा पुराव्याशिवाय कुणालाही शिक्षा होऊ नये असं कायदा सांगतो. त्यातला ‘मत’ हा शब्द नीट बघा. कोर्टात उभं राहून तुम्ही ‘हा निर्दोष आहे, मला खात्री आहे’ असं म्हणतच नाही, आणि म्हणूही नये, अगदी खात्री असली तरी. तुम्ही म्हणता, ‘सरकार पक्षानं हे सिद्ध केलेलं नाही.’ हे वाक्य खरं असू शकतं, अशिलानं तुरुंगात काहीही सांगितलेलं असलं तरी. सरकारी वकीलही कधी स्वतःचा विश्वास सांगत नसतो, पुरावा सांगत असतो. आणि तुम्ही बोलत असलात तरी निकाल देणारी खुर्ची तुमची नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे : तपास करणारे, फिर्याद चालवणारे, निकाल देणारे आणि अपील ऐकणारे, या सगळ्यांची कामं तुम्ही एकट्याच्या उशीखाली घेऊन झोपता आहात.

मग हात कुठं बांधले गेले? आता तुम्ही खोटा पुरावा उभा करू शकत नाही. त्याचा मेहुणा येऊन म्हणाला, ‘त्या दिवशी भाऊजी माझ्याकडं परळीला होते, मी साक्ष देतो’, तर त्याला पिंजऱ्यात उभं करायचं नाही. गावातल्या तिसऱ्याच माणसावर संशय ढकलायचा नाही. आरोपीचा जबाब भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली होईल (आपण सगळे जुन्या कायद्याच्या सवयीनं त्याला अजून ‘३१३ चा जबाब’च म्हणतो). तिथं त्याला शपथ नसते, गप्प बसायचा हक्क असतो, खोट्या उत्तराबद्दल वेगळी शिक्षा नसते. पण म्हणून तुम्ही बसून त्याला खोटी गोष्ट रचून द्यायची असा त्याचा अर्थ नाही. आणि समजा तो म्हणाला, ‘दुसरी कुऱ्हाड विहिरीत टाकलीय’, तर ती काढायलाही जायचं नाही आणि अजून खोल ढकलायलाही नाही. ऐकलेलं तुमच्यापाशी राहील, पण मुद्देमालाला हात लावलात तर तुम्ही वकील राहत नाही.

बाकी मोकळं आहे, आणि ते थोडं नाही. पंचनामा खरंच जागेवर झाला का, पंच ठरावीकच आहेत का, फिर्याद दाखल व्हायला उशीर का झाला, कबुली पोलिसांपुढची असेल तर ती कोर्टात चालतच नाही, कुऱ्हाडीवरचं रक्त तपासायला कधी पाठवलं. हे विचारायला अशील निर्दोष असावा लागत नाही.

राहता राहिली ती बाई.

इथं मी तुम्हाला सोपं उत्तर देणार नाही, कारण सोपं नाही. तुम्हाला आता माहीत आहे की ती खरं सांगते आहे, निदान एवढं तरी की तिनं त्याला पाहिलं. खरं बोलणाऱ्या साक्षीदाराला अंधार किती होता, अंतर किती होतं, तुरीचं पीक डोक्याएवढं होतं का, असं विचारायचं का? कायदा परवानगी देतो. मीही विचारलं आहे. पण दोन गोष्टी मी कधी केल्या नाहीत. तिच्या चारित्र्यावर एक शब्द नाही, आणि ‘तुम्ही पैशासाठी खोटं बोलता’ असली सूचना, म्हणजे साक्षीदाराच्या तोंडावर ठेवायचं बचावाचं म्हणणं, ते खोटं आहे हे माहीत असताना करायची नाही. आपल्याकडच्या जबान्यांत शेवटी तो ठरलेला साचा येतो ना, ‘हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे’, तो यंत्रासारखा चालवू नका. कुठली सूचना करायची आणि कुठली नाही, हे आधी वहीत लिहून वरिष्ठांशी बोला.

पण मला वाटतं, तुमच्या खटल्यात गाठ वेगळीच आहे. बचाव ‘तो तिथं नव्हताच’ असा घेतलात तर ती बाई तुमची शत्रू. बचाव ‘अचानक भांडण झालं’ असा असेल तर तीच तुमची सगळ्यात मोलाची साक्षीदार. आधी कोण आलं, बोलाचाली किती वेळ चालली, घाव एकच पडला का, मारून तो पळाला की तिथंच डोकं धरून बसला, हे तिच्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. तेव्हा तुम्हाला तिला खोटं पाडायचं नाही, तिच्याकडून पुरतं खरं काढून घ्यायचं आहे. हा बचाव टिकेलच असं मी सांगत नाही, कागद पाहिलेले नाहीत. शिवाय तो घ्यायचा की सगळंच नाकारायचं, हे ठरवणार तुमचा अशील, तुम्ही नाही. तुम्ही दोन्ही वाटा त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायच्या. पण तुम्ही ‘त्याचा बचाव म्हणजे त्या बाईचा घात’ असं गृहीत धरून बसल्या आहात, ते गृहीतक आधी तपासा.

आणि समजा तुम्ही मुद्दाम ढिलं काम केलंत, मनातल्या मनात तिच्यावर उपकार म्हणून? तो तिच्यावरच उलटेल. मध्य प्रदेशातल्या एका लहान मुलीवरच्या अत्याचार आणि खुनाच्या खटल्यात आरोपीला मोफत वकील दिला तो आयत्या वेळी, आणि तयारीला अवधी न देता खटला धावत उरकला गेला. फाशी झाली, ती उच्च न्यायालयात कायमही झाली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द करून खटला पहिल्यापासून चालवायला सांगितला. फाशी किंवा जन्मठेपेच्या खटल्यात असा वकील किमान १० वर्षं अनुभवाचा हवा आणि त्याला तयारीला निदान ७ दिवस द्यावेत, हे तेव्हाच सांगितलं गेलं. त्या मुलीच्या आईबापांचा विचार करा. साक्षी पुन्हा, तारखा पुन्हा. म्हणूनच तुमच्या कार्यालयात असे खटले वरिष्ठांच्या नावावर असतात.

आपल्या राज्यातल्या नाशिक जिल्ह्यातलं प्रकरण तर वकिलीत आलेल्या प्रत्येकानं वाचावं. जून २००३ मध्ये एका कुटुंबातल्या पाच जणांचे खून झाले, घरातल्या स्त्रियांवर अत्याचार झाले. सगळा भाग हादरला होता. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली, उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेप केली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्यांना पुन्हा फाशी दिली. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण परत ऐकलं आणि सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शीनं सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून भलत्याच चार जणांना ओळखलं होतं, आणि ती गोष्ट दाबून ठेवली गेली होती. या सहा जणांची सोळा वर्षं गेली. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई मिळाली, सोळा वर्षांची. त्या वेळी बाहेर कुणाला विचारलं असतं तर ‘हेच ते, सगळ्यांना माहीत आहे’ असंच उत्तर आलं असतं. आणि ज्या घरातली पाच माणसं गेली त्या घराच्या हाती काय लागलं?

‘शंभर अपराधी सुटले तरी चालतील’ हे वाक्य मी मुद्दाम वापरत नाही. भाषणात ते बरं वाटतं. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याच्यापुढं ते म्हणायची माझी कधी हिंमत झाली नाही, आणि तुम्हीही म्हणू नका.

आजीशी बोलायचं तर माझ्या आजीचं सांगतो. ती रझाकारांच्या दिवसांतली. त्यांचा म्होरक्या कासिम रझवीचं नाव निघालं की तिचा चेहरा बदलायचा. तो स्वतः लातूरचा वकील, हे तिला कुणी सांगितलं तर तिला खोटंच वाटायचं. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्याच्यावर खटले चालले, बीबीनगरच्या दरोड्यात शिक्षा झाली, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. विशेष न्यायाधिकरणाची कार्यपद्धती समानतेच्या हक्काला धरून आहे का, हा मुद्दा होता. १९५३ साली निकाल त्याच्या विरोधात गेला, पण बहुमतानं, म्हणजे एकमतानं नाही. ज्या माणसाविषयी अख्ख्या मराठवाड्याचं मत ठरलेलं होतं, त्याचाही मुद्दा नव्या देशाच्या न्यायमूर्तींनी घासून पाहिला. मी वकील झाल्यावर आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, “मंग सुटला का त्यो?” म्हटलं, नाही, शिक्षा भोगली, १९५७ ला सुटून पाकिस्तानात गेला. “मंग ठीक,” म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली. एवढंच. आजीला पटवायची गरज नसते, तिला आपण वाईट संगतीत नाही एवढं कळलं तरी पुरतं. तुमच्या आजीला म्हणा, ‘मी त्याला सोडवायला जात नाही, त्याला किती शिक्षा बसायला पाहिजे ते मोजायला जाते. माप खोटं नको एवढंच बघते.’ हे पूर्ण खरं नाही, पण आजीपुरतं खरं आहे. कबुलीचं मात्र तिलाही सांगू नका, नवऱ्यालाही नाही, चहाच्या टपरीवर तर नाहीच. वरिष्ठांना सांगा, तो खटला त्यांचाही आहे आणि गोपनीयता त्यांनाही बांधते, तुमच्या कारकुनालाही.

केस सोडावी का? माझं मत, नाही. वकिलानं पुरेसं कारण आणि पुरेशी सूचना दिल्याशिवाय काम सोडू नये असा नियम आहे. ‘अशिलानं खरं सांगितलं’ हे कारण पुरेसं असेल, तर उद्यापासून प्रत्येक आरोपी आपल्या वकिलाशी खोटं बोलेल. शिवाय मध्येच वकील बदलला की कोर्टाला वास लागतो. तुम्ही काही न बोलता त्याच्याविरुद्ध साक्ष देऊन जाल. तिची उलट घेताना हात थरथरेल असं खरंच वाटत असेल, तर वरिष्ठांना सांगून तेवढा साक्षीदार त्यांच्याकडं द्या. त्यात कमीपणा नाही, आणि जे नीट होणार नाही ते अंगावर घेण्यात शौर्यही नाही. सोडायची वेळ येते ती वेगळ्या कारणानं : अशील खोटा साक्षीदार आणण्यावरच अडून बसला, किंवा तुमचं मयताच्या घराशी नातं निघालं. तेव्हाही अर्जात कारण उलगडायचं नाही.

एरवी गावंही वकिलांवर दबाव टाकतात, कधी कधी बार असोसिएशनच ठराव करते की अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये तामिळनाडूतल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. संविधानाच्या कलम २२ नं दिलेला वकिलाचा हक्क ठरावानं काढता येत नाही.

आणि दिवाणी! दिवाणीत मन शांत राहतं असं तुम्हाला कुणी सांगितलं? वाटपाच्या दाव्यात बहिणींच्या हक्कसोड पत्रावर गोड बोलून अंगठे घेणारे भाऊ तुमच्यासमोर बसतील, शर्ट पांढराशुभ्र, कपाळाला गंध. फौजदारीत निदान अशील ‘म्याच हाणलं’ म्हणतो. दिवाणीत असं म्हणणारा मला पस्तीस वर्षांत एकही भेटला नाही. आवड असेल तर जरूर वळा, पळून जाऊ नका.

तो सुटला तर? सुटेलही. संशयाचा फायदा मिळून माझे काही अशील सुटले, ज्यांच्याबद्दल मला आतून माहीत होतं. त्यातला एक अजून बाजारात दिसतो, नमस्कार करतो. मी मान हलवतो आणि त्या दिवशी घरी जरा गप्प असतो. हे जात नाही. जायलाही नको. निकाल लागल्यावर पेढ्याचा पुडा घेऊन येणाऱ्याला मी कायम परत पाठवलं. तुमच्याकडं तर तो प्रश्न येऊच नये. सरकारी खर्चानं नेमलेल्या वकिलानं अशिलाच्या घरून पैसे घ्यायचे नाहीत, ज्वारीचं पोतंही नाही आणि ‘लेकरांना खाऊ’ही नाही. गावातले पुढारी ‘मिटवून टाकू, साक्षीदार आम्ही बघतो’ म्हणत आले तर त्यांच्या बरोबर एका गाडीतसुद्धा बसू नका. साक्षीदार फुटून सुटलेला अशील हे तुमच्या कामाचं यश नव्हे.

त्या बाईनं पुन्हा कागद पुढं केला तर? बोर्डावरचा नंबर वाचून सांगा, तेवढं माणूस म्हणून करायलाच हवं. लगेच सांगा, ‘बाई, मी समोरच्या बाजूची वकील आहे. केसचं काही असेल तर सरकारी वकिलांकडं किंवा कोर्टातल्या पोलिसांकडं विचारा.’ ती तुमच्याकडं वेगळ्या नजरेनं बघेल. बघू द्या. तिला नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं. साक्षीबद्दल तिच्याशी अवाक्षर बोलू नका, सहानुभूतीचंही नाही, उद्या त्याचा अर्थ काहीही लावला जाईल.

हे सदर तिच्यासारख्या घरातही वाचलं जातं, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. सरकारी वकिलाला मदत करायला तुम्हीही तुमचा वकील देऊ शकता. आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात शिक्षा झाली किंवा भरपाई अपुरी वाटली तर अपिलाचा हक्क तुम्हालाही आहे. भरपाई आणि मोफत सल्ल्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बहुतेक ठिकाणी ते कोर्टाच्या आवारातच असतं. बाईमाणसाला तिथं मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. आणि आरोपीच्या घरच्यांनो, वकिलाला सगळं खरं सांगा, पण व्हरांड्यात नाही, पोलिसांसमोर नाही, आणि आपल्या माणसाशी तुरुंगातल्या फोनवर केसचं बोलूच नका.

आता परत त्या वाक्याकडं. उठून आलात, हरकत नाही, पहिल्यांदा सगळेच उठून येतात. साक्षीची तारीख लागायच्या आत पुन्हा जा. शवविच्छेदनाचा अहवाल आणि घटनास्थळाचा नकाशा बरोबर घ्या, वही नवी घ्या. मुलाखतीला किमान तासभर मागून घ्या, दुपारी जेवणाच्या वेळेला जाऊ नका, तेव्हा कुणी बोलत नाही. त्याला म्हणा, “मागच्या वेळी तुमचं अर्धंच ऐकलं.” मग नकाशा त्याच्यापुढं ठेवा आणि बांधावर बोट ठेवून विचारा, त्या दिवशी इथं आधी कोण आलं होतं.